पंगत पाहिजे

आमच्या घरी आजोबांना पाहायला यंत्र लागत नाही, खिडकी लागते. काका डब्यातून रिळाचं टोक ओढतात, हुडको वसाहतीतल्या घराच्या खिडकीत उन्हासमोर धरतात आणि भिंग लावून म्हणतात, "हे पाय, हे बाबा. आन् हा त्याइचा रशियन साहेब." ज्वारीच्या दाण्याएवढ्या चौकटीत दोन माणसं उभी असतात. पुढच्या चौकटीतही तीच. दहा-बारा चौकटींनंतर आजोबांचा हात थोडा वर आलेला दिसतो.

आजोबा १९५७ साली भंडाऱ्याहून इथे, दुर्गजवळ भिलाईला, आले. वर्षभरापूर्वीपर्यंत भंडारा आणि दुर्ग एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग मध्य प्रदेशात राहिलं, त्यामुळे आजोबा गाडीतून उतरले ते परराज्यात. तेव्हा पोलादाचा कारखाना म्हणजे नुसते खड्डे होते, असं ते सांगत. पहिली झोतभट्टी राजेंद्र प्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली. त्या दिवशी आपण नेमके कुठे उभे होतो, ही जागा मात्र त्यांच्या दर कथनात राष्ट्रपतींच्या थोडी थोडी जवळ सरकत गेली.

त्या रशियन साहेबाकडे किल्ली देऊन चालणारा ८ मिलिमीटरचा कॅमेरा होता. मायदेशी जाताना त्याने हे एक रीळ आजोबांच्या हातात ठेवलं. सगळं मिळून चार मिनिटांचं. प्रोजेक्टर आमच्याकडे कधीच नव्हता, त्यामुळे ते आम्ही कधी चालवून पाहिलेलंच नाही. तरी सत्तरीच्या काकांना त्यातला क्रम पाठ आहे.

याच्या उलट आत्याच्या लग्नाची कॅसेट. तीन तासांची, रंगीत, आवाजासकट. ती उन्हात धरली तर काळी दिसते.

लग्न १९८६ चं, सेक्टर सहामधल्या क्वार्टरसमोरच्या मैदानात. मी सहा वर्षांची होते. चार वर्षांपूर्वी एशियाडच्या वर्षी देशात रंगीत दूरदर्शन आलं होतं, आणि त्यापाठोपाठ व्हीसीआर किरायाने मिळू लागला होता. रात्रीचे तीन सिनेमे ठरलेले. तिसरा लावायचा तो सेकंड शिफ्टवाले दहा वाजता सुटून, जेवून आल्यावर. मुंबईत शेमारू नावाच्या वाचनालयाने १९७९ मध्येच पुस्तकांबरोबर कॅसेटही किरायाने द्यायला सुरुवात केली होती. आमच्याकडे त्यासाठी सुपेल्यात जावं लागे, आणि परत देताना फीत उलटी फिरवून दिली नाही तर दुकानदाराचं तोंड वाजे.

कॅसेटच्या तेव्हा दोन जाती होत्या. सोनीचं बीटामॅक्स १९७५ चं, जेव्हीसीचं व्हीएचएस त्याच्या पुढच्या वर्षीचं. बीटाचं चित्र सरस होतं म्हणतात. पण त्याच्या पहिल्या कॅसेटमध्ये तासभराचंच मावे, आणि तासाभरात आपल्याकडे नवरदेव मांडवापर्यंतही पोचत नाही. ही लढाई कोण जिंकणार हे आमच्या कुठल्याही वऱ्हाडी माणसाने आधीच सांगितलं असतं.

व्हिडिओवाल्याबरोबर एक पोरगा हॅलोजन धरून फिरत होता. तो दिवा जिकडे वळे तिकडचे लोक घास हातात धरून ताठ बसत. म्हणूनच पंगतीचं शूटिंग पाहण्यासारखं होतं. आजोबा वाढायला उभे होते, कोणाशी तरी वाद घालत होते, आणि त्यांचा आवाज फितीवर आला होता. एवढं सगळ्यांना मान्य आहे. वाद कोणाशी, कशावरून, यावर घरात आजही दोन पक्ष आहेत. काका म्हणतात, व्याह्यांशी, मठ्ठ्यावरून. आत्या म्हणते, "भाऊ, काही बोलू नको. माझ्या सासऱ्यांशी कोणी भांडलं नाही. आचाऱ्याशी भांडत होते."

कॅसेट पाहून हा वाद मिटला असता. पण तिच्यावर आपत्ती येत गेल्या. पहिली घरचीच. कॅसेटच्या कडेला एक प्लास्टिकची चिप असते. ती मोडली की वर दुसरं काही भरता येत नाही. काकांनी ती मोडली होती. कोणीतरी त्या जागी सेलोटेप चिकटवला आणि शेवटच्या भागावर 'महाभारत' भरलं. त्यामुळे फितीवर आत्याची पाठवणी नाही. ती मांडवात उभी असते, चित्र फाटतं आणि एकदम कुरुक्षेत्र लागतं. कोणी केलं ते अजून कबूल झालेलं नाही. आत्याचा संशय काकांवर आहे. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही म्हणा, असे घरभेदी जगभर आहेत. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत 'डॉक्टर हू'चे जुने भाग असेच पुसले, फीत महाग म्हणून.

दुसरी आपत्ती प्रगतीच्या रूपाने आली. व्हीसीडी आल्या. छत्तीसगड राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचा व्हीसीआर मोडीत गेला आणि काकांनी कॅसेट एका दुकानात 'सीडी करायला' दिली. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास मावतं. तीन तासांना तीन लागल्या असत्या. दुकानदाराने विचारलं, "पूरा चाहिए कि मेन-मेन?" पैसे वाचतात म्हणून काका म्हणाले, मेन-मेन. त्या अनोळखी माणसाने मग आमच्या घरात महत्त्वाचं काय ते ठरवलं. हार घालताना ठेवलं, सप्तपदी ठेवली, आहेर देणाऱ्यांची लांबलचक रांग ठेवली, मध्ये गुलाबाची फुलं उमलवली. पंगत काढली. मोझर बेअरने २००७ मध्ये २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी बाजारात आणली, तोवर आमची तबकडी पहिल्याच हारापाशी अडकायला लागली होती.

कॅसेट मात्र टाकली नव्हती. ट्रंकेत होती. मागच्या दिवाळीत मी ती काढली आणि काकांसमोर तिचं झाकण उचललं. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. काकांनी एक बोट फितीवरून फिरवलं, मी ओरडायच्या आत. बोटाला तपकिरी पूड लागली.

"राजहरा," ते म्हणाले.

काका आयुष्यभर प्लांटच्या लॅबमध्ये होते. दल्ली-राजहराहून लाल खनिज येतं ते लोहाचं ऑक्साइड, आणि फितीवर थापलेलं असतं तेही लोहाचं ऑक्साइडच, फक्त स्फटिकांची ठेवण वेगळी, असं त्यांनी मला समजावलं. ही युक्ती १९२८ मध्ये ड्रेस्डेनच्या फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या माणसाने काढली. तो आधी सिगारेटच्या कागदावर धातूचा पट्टा चढवण्याच्या उद्योगात होता. तेच तंत्र त्याने कागदी पट्टीवर लोहाच्या पुडीसाठी वापरलं. म्हणजे ज्या गंजाला हाकलण्यात प्लांटची निम्मी माणसं खपली, त्याच्याच भरवशावर आम्ही आजोबांचा आवाज ठेवला होता. पूड पट्टीला चिकटवणारा थर दमटपणाने सैल होतो. आपल्या पावसाळ्यात तो किती तग धरणार?

"आमचं एसएमएस-वन असंच गेलं," काका पुढे म्हणाले. त्या जुन्या पोलाद-खात्यात ओतलेल्या पोलादाचे इनगॉट थंड व्हायची वाट पाहण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारी कन्व्हर्टर उभे राहिले आणि पोलाद थेट सलग ओतलं जाऊ लागलं. "पन आमचं भंगार भट्टीत जाते, पुन्हा पोलाद होते. ह्याचं काय होते?"

ह्याचं एवढंच होतं की वाचणारं यंत्र संपतं. व्हीसीआरमधला ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, त्यावरची हेड्स फितीवर तिरक्या रेषा वाचतात. एक हेड झिजलं की पडद्यावर नुसती मुंग्यांची वारुळं. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. नवं करणारं मोठं कोणी उरलं नाही. आता मोडक्या यंत्रांतून हेड काढून दुसऱ्या मोडक्या यंत्रांत बसवायची.

रायपूरला असं करणारा एक माणूस सापडला. टेबलावर चार व्हीसीआर पोट उघडून पडलेले. त्याने कॅसेट नाकाशी धरून वास घेतला, डॉक्टरांसारखी मान हलवली. बुरशी हाताने पुसावी लागेल, फीत मध्ये तुटू शकते, चालली तर एकदाच चालेल, म्हणाला. आत्या फोनवर होती. मी स्पीकर लावून ठेवला होता.

"मैडम, तीन घंटे का है," तो म्हणाला. "पूरा निकालूँ कि मेन-मेन?"

मी तोंड उघडायच्या आत फोनमधून आत्याचा आवाज आला, मराठीतच.

"त्याले म्हणा पंगत पाहिजे. बाकी लग्न नाही निघालं तरी चालते."