पोटात गेलं, पण रक्तात पोचलं का?

बी-१२ जीवनसत्त्वाच्या गोळीचं वेष्टन कधी नीट वाचलंय? त्यावर बहुधा १००० किंवा १५०० मायक्रोग्रॅम असा आकडा असतो. माणसाची रोजची गरज मात्र जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. मग एवढा मोठा भरणा कशासाठी?

यासाठी शंभर वर्षं मागं, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात जायला हवं. ‘पर्निशियस अ‍ॅनिमिया’ म्हणजे एक घातक पंडुरोग. तो झाला, की मरण ठरलेलं. १९२६ साली मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी अशा रुग्णांना रोज भरपूर कलेजी खाऊ घातली आणि खाटेला खिळलेली माणसं उठून बसू लागली. १९३४चं नोबेल त्यांना आणि व्हिपल यांना मिळालं.

विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरला मात्र वेगळाच प्रश्न पडला. निरोगी माणसं कुठं रोज कलेजी खातात? तरी त्यांना हा रोग का होत नाही? त्यानं रुग्णांना दहा दिवस रोज २०० ग्रॅम गोमांस दिलं. रक्तात काही फरक नाही. मग त्यानं स्वतः ३०० ग्रॅम मांस खाल्लं, तासाभरानं ते उलटून काढलं आणि त्यावर प्रक्रिया करून नळीनं रुग्णाच्या पोटात सोडलं. (ऐकायला किळसवाणं आहे खरं!) आठवड्याभरात रुग्णाच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. मांस तेच, फरक निरोगी जठरातल्या रसाचा होता. १९२९ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं.

त्या रसातलं एक प्रथिन बी-१२ला हाताशी धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतं आणि तिथं ते रक्तात शिरतं. रुग्णांच्या जठरात हा वाटाड्याच नव्हता. म्हणून काही काळ डुकराच्या वाळवलेल्या जठराची पूडसुद्धा औषध म्हणून दिली गेली. पुढं कलेजीच्या अर्काची इंजेक्शनं आली आणि १९४८ साली अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शुद्ध बी-१२चे लाल स्फटिक हाती लागले.

ही वाटाड्याची वाट अरुंद आहे. एका वेळी तिच्यातून दीड-दोन मायक्रोग्रॅमच जातात. पण वाटाड्याशिवायही सुमारे एक टक्का आपोआप झिरपतो. हजारातले दहा, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच! वेष्टनावरच्या आकड्याचं गणित हे असं आहे. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज २००० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या इंजेक्शनपेक्षा कमी पडल्या नाहीत.

आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय दवाखान्यात गेल्याचं समाधान मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. शाकाहारी माणसाच्या शरीरात बी-१२ कमी असतं, ते बहुधा ताटातच कमी असतं म्हणून; वाटाडा जागेवरच असतो. त्याला गोळी सहसा पुरते. मात्र हातापायांना बधिरपणा आला असेल, तोल जात असेल, तर डॉक्टर सुरुवात इंजेक्शननंच करतात. तिथं मज्जातंतूंचा प्रश्न असतो आणि उशीर झाला, तर नुकसान पुरतं भरून येईलच असं नाही.