तडकलेल्या बासऱ्या

वऱ्हाडात बासरी जुनी, पण बासरीची दुरुस्ती अगदी अलीकडची. मेळघाटातले थाट्या पाहा. पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारी ही माणसं. दिवाळीनंतर घुंगरू बाजार भरतो, तेव्हा लांब बासऱ्या, त्यांच्या बोलीत भुगडू, फुंकत नाचतात. तिथल्या गाविलगड किल्ल्याला नावच गवळ्यांवरून पडलं म्हणतात. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफा त्या डोंगरावर चढल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं गुरं होती, गुराखी होते आणि हाताशी बांबू होता. बासरी फुटली की फेकायची, दुसरं कांडं तोडायचं, सळई तापवून भोकं पाडायची. रानात राहणाऱ्यानं बासरी सांधत कशाला बसायचं?

सांधायची वेळ आली ती बासरी मैफिलीत गेल्यावर. बारिसालच्या पन्नालाल घोषांनी (१९११–१९६०) ती लांबवून बत्तीस इंचांच्या आसपास नेली, सातवं भोक दिलं आणि ख्याल पेलेल असा खर्ज बांबूतून काढला. १९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी सुरू झाली आणि हा सूर आमच्याकडच्या घरांतही रेडिओवरून ऐकू येऊ लागला. ज्यांना तो लागला त्यांना तसलीच बासरी हवी होती. पण आमच्या जंगलातला बांबू त्या कामाचा नाही. मेळघाटात मुख्य तो मानवेल, जवळजवळ भरीव. लाठी करा, शिडी करा. धारणी तालुक्यात लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्रात त्याच्या देखण्या वस्तू होतात, राख्यासुद्धा. काटस जातीचा बांबू पोकळ असतो खरा, पण त्याची भिंत जाड. लांब बासरीला तेवढंच लांब, सरळ, पातळ भिंतीचं कांडं लागतं, आणि ते येतं आसामकडून. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यात, पण जावयाच्या वाद्याचा बांबू मात्र दोन हजार किलोमीटरवरून आणायचा!

आता ओल्या हवेत वाढलेलं ते कांडं अकोल्याच्या मे महिन्यात आणून ठेवा. पारा पंचेचाळीसच्या वर. बाहेरची बाजू सुकून आकसते; वाजवणाऱ्याच्या वाफेनं आतली फुगते. दोघींची ओढाताण सुरू झाली की एका दुपारी ‘टक’ असा आवाज होतो आणि फुंकेच्या भोकापासून तडा खाली धावतो. मी सुतारकामातला माणूस, खिडक्या-दारं करणारा. दर उन्हाळ्यात कोणीतरी दारात येतंच, “काका, बासरी तडकली हो, पाहा न, होते काय काही?”

होतं, पण घाई केली तर होत नाही. आधी तडा कुठवर गेला ते शोधायचं. बासरीचं उघडं टोक डोळ्याला लावायचं, बाहेरून बल्ब फिरवायचा; केसाएवढा तडा असला तरी आतल्या अंधारात उजेडाची रेघ दिसते. लगेच चिकटवायला जायचं नाही. मी बासरी ओल्या फडक्यात सैल गुंडाळून एकदोन दिवस माठाच्या आडोशाला ठेवतो. बांबू पाणी धरतो, तडा आपणच मिटत येतो. मग अगदी पातळ गोंद त्यात उतरू द्यायचा आणि वरून नायलॉनचा दोरा आवळायचा. गाठ मारायची नाही, गाठ बोटाला टोचते. सुरुवातीला दोऱ्याचा एक फास बांबूवर लांबीला ठेवायचा, त्यावरून वेढे घ्यायचे, शेवटचं टोक फासात ओवायचं आणि दुसऱ्या बाजूनं ओढून वेढ्यांखाली गडप करायचं. शेवटी आतून तेलाचा हात. पुष्कळ लोक मोहरीचं तेल सांगतात. मी जवसाचंच वापरतो. एकतर जवस आमच्या मातीतलं, दुसरं म्हणजे ते हवेत वाळून पातळ कातडीसारखं बसतं. जास्त झालं तर मात्र चिकटा होतो. फुंकेच्या भोकाची धार तेवढी कोरडी ठेवायची, सूर तिच्यावर फुटतो.

एकदा एका बँडवाल्यानं पिकोलो आणून दिला, काळ्या आफ्रिकी लाकडाचा. ज्या पाश्चात्त्य बासरीला बव्हेरियाच्या थिओबाल्ड बोहमनं १८३२ मध्ये चाव्यांची नवी रचना दिली, तिचंच हे धाकटं भावंड. दुखणं तेच, उन्हात तडा. फरक एवढाच की याला पावसाळाही बाधतो: चाव्यांखालचे नमद्याचे पॅड फुगतात आणि भोक पुरतं झाकत नाही. पॅडखाली सिगारेटचा कागद सरकवून चावी दाबायची आणि कागद ओढायचा. जिथं तो सैल सुटतो तिथंच हवा पळते. पॅड बदलले, तडा भरला, पण स्प्रिंगांना हात लावला नाही. ते आपलं काम नव्हे, हे त्याला तोंडावर सांगितलं.

हल्ली शाळकरी पोरं पीव्हीसीच्या नळीची बासरी घेऊन येतात. तिला ऊन नाही, पाऊस नाही, तडा तर नाहीच. आवाज मला पत्र्यासारखा लागतो, पण पोरं शिकतात. मोडलीच तर पाइपच्या दुकानातून नवा तुकडा आणतात. भोकं पाडायला सळई मीच तापवून देतो.