ध्रुवावर गेलेल्या स्की

खेळाडूच्या घरी काचेच्या कपाटात एखादा पेला, एखादे पदक जपून ठेवलेले असते. त्यावर जिंकल्याची तारीख कोरलेली असते. त्या तारखेपर्यंतचा खर्च कोणी सोसला, हे मात्र कोरलेले नसते. अमेरिकेतील ॲन बँक्रॉफ्ट या बाईंच्या स्कींविषयी बोलताना मला तो खर्च सांगावयाचा आहे.

स्की म्हणजे बर्फावरून सरकत जाण्यासाठी पायांना बांधावयाच्या लांब, अरुंद पट्ट्या. नॉर्वेच्या खेड्यांत हे रोजच्या येण्याजाण्याचे साधन होते. पुढे त्याचा खेळ झाला. १४ डिसेंबर १९११ रोजी अॅमंडसेनची तुकडी दक्षिण ध्रुवावर पोहोचली, ती स्की आणि कुत्री यांच्या बळावर. स्त्रियांना मात्र तिकडची वाट बंद होती. संशोधक स्त्रियांना तेथे नेण्यास अमेरिकन आरमार वर्षानुवर्षे नकार देत राहिले. अखेर १२ नोव्हेंबर १९६९ रोजी सहा स्त्रिया विमानाने ध्रुवावर उतरल्या. तेथे पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्रिया.

बँक्रॉफ्ट या मिनेसोटा राज्यातील व्यायामशिक्षिका. नोकरी सोडून त्या विल स्टीगर यांच्या तुकडीत सामील झाल्या आणि १९८६ साली कुत्र्यांच्या गाड्यांसह बर्फावरून उत्तर ध्रुव गाठणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. कीर्ती आली, पण तिच्यामागून पैसा आला नाही. त्यांनी दक्षिण ध्रुवासाठी स्त्रियांची मोहीम आखली, तेव्हा बड्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. मग टी-शर्ट विकून आणि लहानसहान देणग्या गोळा करून पैसा उभा केला गेला.

चौघीजणी स्कीवर निघाल्या. सामानाच्या गाड्या स्वतः ओढत त्यांनी ६७ दिवसांत सुमारे १,०६० किलोमीटर अंतर काटले आणि १४ जानेवारी १९९३ रोजी ध्रुव गाठला. स्कीवरून तेथे पोहोचलेली ही केवळ स्त्रियांची पहिली तुकडी. खंड पार करण्याचा पुढचा बेत सोडावा लागला. घरी परतल्या त्या डोक्यावर कर्ज घेऊन. २००१ साली लिव्ह आर्नेसेन या नॉर्वेच्या शिक्षिकेबरोबर बँक्रॉफ्ट यांनी तो खंड पार केला आणि राहिलेला बेत तडीस नेला.

कामगार संघटनेचे पावतीपुस्तक हाती घेऊन ज्याने दारोदार वर्गणी मागितली आहे, त्याला यातले मर्म कळते. दहा रुपये देणाऱ्याचे नाव कोठे कोरले जात नाही. पण तिजोरीवाल्यांनी पाठ फिरवल्यावर बंद दार उघडते ते त्याच्याच रुपयांनी. या स्की पाहताना त्या दोन पायांबरोबर असे शेकडो हातही आठवावेत.