निकाली कुस्ती आणि घड्याळाची कुस्ती

निकाली कुस्तीला पूर्वी वेळेचे बंधन नव्हते. एका पैलवानाची पाठ मातीला लागेपर्यंत लढत चालायची. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गावोगावच्या यात्रांनी ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या जपली. विसाव्या शतकात कुस्ती ऑलिंपिकच्या नियमांशी जोडली गेली, तेव्हा आखाड्यात आधी घड्याळ आले आणि पाठोपाठ गुण आले. खेळ वेगवान व्हावा म्हणून केलेले हे बदल कृष्णाकाठच्या कुस्तीशौकिनांनी सरसकट स्वीकारले नाहीत आणि सरसकट धुडकावलेही नाहीत. त्यांनी काय घेतले आणि काय नाकारले, यावरून आजच्या मैदानांचे स्वरूप ठरले.

यात्रेतल्या मैदानाची रीत ठरलेली असते. पुसेगावसारख्या मोठ्या यात्रेत काय किंवा लहानशा वाडीच्या उरुसात काय, दुपारी नारळ फोडून आखाड्याचे पूजन होते आणि हलगी कडाडू लागते. लाल माती आधीच चाळून घेतलेली असते. तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर मिसळून ती मऊ केलेली असते. सुरुवात पोरासोरांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. मग इनाम चढत जाते आणि पहिल्या क्रमांकाची जोड दिवस कलता कलता आखाड्यात उतरते. वजनाचे गट नसतात. दोघांची अंगलट शेजारी उभी करून, नजरेने जोखून जोड लावली जाते. पलूस तालुक्यातील कुंडलसारख्या नामांकित मैदानात तर राज्याबाहेरचे मल्लही येतात.

अशा लढतीत सलामी झाली की खडाखडी सुरू होते. मनगटे धरणे, मानेवर हात टाकून जोर अजमावणे, पट काढण्याची हूल देणे असे बराच वेळ चालते. एखादा खाली आला तर तो पोटावर पडून माती धरतो आणि वरचा घिस्सा, एकचाक किंवा मोळी बांधण्याची संधी शोधत राहतो. दोघे आखाड्याच्या कडेला गेले तर पंच त्यांना मधोमध आणून पुन्हा जोडतात. पूर्वी कडेबाहेर गेल्याचा दंड नव्हता, मिनिटांचा हिशेब नव्हता. पैलवानाचा दम हाच या लढतीतला खरा कस होता.

या पद्धतीतले दुखणे प्रेक्षकांनाही ठाऊक होते. तुल्यबळ मल्ल तास तास एकमेकांना अडवून धरत. अंधार पडू लागला की पंच कुस्ती बरोबरीत सोडवत आणि इनाम दोघांत वाटले जाई. दूरदूरच्या गावांहून सायकलने, बैलगाडीने आलेल्या माणसांना हे सहन होत नसे. ‘कुस्ती करा’ अशा आरोळ्या उठत, आणि ठरवून बरोबरी केली, असा संशय घेतला जाई. म्हणजे संथपणाविरुद्धची तक्रार ऑलिंपिकचे नियम येण्याआधीपासून इथल्या फडातच होती.

हा प्रश्न केवळ इथलाच नव्हता. १९१२ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचे खासबाग मैदान उभे राहिले. त्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये रशियाचा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड असिकाइनेन यांची उपांत्य कुस्ती तब्बल ११ तास ४० मिनिटे चालली. क्लाइन जिंकला, पण इतका थकला की अंतिम फेरीत उतरूच शकला नाही. दुसऱ्या एका गटातली अंतिम लढत नऊ तासांनंतर थांबवून दोघांनाही रौप्यपदक द्यावे लागले. पुढे कुस्तीच्या जागतिक संघटनेने वेळ बांधून दिली आणि ती टप्प्याटप्प्याने कमी करत नेली.

सातारा जिल्ह्याची या नव्या कुस्तीशी पहिली मोठी गाठ खाशाबा जाधवांमुळे पडली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा मातीत घडलेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादी, वेळ आणि गुण हे तिन्ही त्यांना नवे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. चपळ पाय आणि ढाकसारखे झटपट डाव ही त्यांची ताकद होती. घड्याळाच्या कुस्तीत मातीतला मल्ल टिकतो, याची खात्री त्यांच्या विजयाने पटली. गावाने त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक काढली.

सांगली जिल्ह्यातही हेच दिसले. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले, तर कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत या दोघांनीही सुवर्णपदक मिळवले. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली होती. १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ किताब सुरू झाला आणि पहिली गदा सांगलीच्या दिनकर दह्यारी यांनी उचलली. परिषदेने पुढे माती आणि गादी असे दोन विभाग केले. दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी भिडू लागले.

नियमांत सर्वांत मोठी उलथापालथ २०१३ साली झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारिणीने २०२० च्या स्पर्धांमधून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. खेळ प्रेक्षकांना समजत नाही, हा त्यामागच्या आक्षेपांपैकी एक होता. जागतिक संघटनेने घाईने नियम बदलले. दोन दोन मिनिटांच्या तीन स्वतंत्र फेऱ्या जाऊन तीन मिनिटांचे दोन डाव आले आणि गुणांची बेरीज सलग धरली जाऊ लागली. जो नुसता टाळाटाळ करतो त्याला ताकीद मिळते. मग ३० सेकंदांत त्याने गुण घेतला नाही तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण बहाल होतो. वर्तुळाबाहेर पाऊल पडले तरी एक गुण जातो. आज फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. सप्टेंबर २०१३ मध्ये कुस्ती ऑलिंपिकमध्ये परतली.

या वेगाचे एक फळ सातारकरांनी एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच शहरात पाहिले. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत पिछाडीवर पडलेल्या कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला ५-४ असे हरवले. शेवटच्या क्षणापर्यंत निकाल दोलायमान होता आणि गॅलरीतला माणूस फलकाकडे डोळे लावून बसला होता. बरोबरी नाही, अंधाराची वाट पाहणे नाही.

तरीही गुणांविषयीची नाराजी संपली नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागात सिकंदर शेखविरुद्धच्या लढतीत महेंद्र गायकवाडला दिलेल्या चार गुणांवरून सिकंदरच्या चाहत्यांनी मोठे वादळ उठवले. सिकंदरची पाठ धोक्याच्या स्थितीत गेली होती की नाही, यावर गावच्या पारापासून समाजमाध्यमांपर्यंत खल झाला. चितपट झालेला पैलवान शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही दिसतो. गुण मात्र पंचाच्या नजरेवर आणि पडद्यावरच्या चित्रणावर अवलंबून असतो. शौकिनांचा राग वेगावर नव्हता. जो निकाल आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्यावर होता.

अमेरिकेतील बेसबॉलचा अनुभव इथे ताडून पाहण्यासारखा आहे. तिथल्या व्यावसायिक लीगने २०२३ मध्ये चेंडू टाकणाऱ्यासाठी घड्याळ लावले : धावपटू तळावर नसेल तर १५ सेकंद, असेल तर २० सेकंद. सामन्याची सरासरी वेळ तीन तास चार मिनिटांवरून सुमारे दोन तास चाळीस मिनिटांवर आली. घड्याळ नसणे हेच या खेळाचे वैशिष्ट्य मानणारे जुने चाहते आधी साशंक होते, पण त्या हंगामात मैदानावरची गर्दी सात कोटींच्या वर गेली. तिथे फक्त मधला रिकामा वेळ कापला गेला. धाव कशी मोजायची हे बदलले नाही. कुस्तीत मात्र वेळेबरोबर विजयाची व्याख्याही बदलली, म्हणून इथला विरोध अधिक चिवट राहिला.

सातारा-सांगलीच्या मैदानांनी यातून मधला मार्ग काढला. मोठ्या जोडीला आयोजक ठरावीक वेळ देतात. तेवढ्यात कोणी चीत झाला नाही, तर पुढची काही मिनिटे कुस्ती गुणांवर खेळवतात आणि पहिला गुण घेणाऱ्याला विजयी करतात. टाळाटाळ करणाऱ्याला पंच आणि समालोचक जाहीर समज देतात. पत्रकांवर मात्र ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ असेच ठळक छापले जाते आणि इनामही चितपट कुस्तीला मानाने दिले जाते. तालमींतही आता हौद्याशेजारी गादी अंथरलेली दिसते. पैलवान सकाळी मातीत घाम गाळतो आणि संध्याकाळी गादीवर सहा मिनिटांचा सराव करतो, कारण यात्रेचे मैदान आणि राज्याची गदा या दोन्ही ठिकाणी त्याला उतरायचे असते.