दापोडी ते गणेशखिंड : एका सरकारी निवासाची वाटचाल

बोरघाटाची वाट सुधारत गेली, तसा पुण्यातला गव्हर्नरांचा मुक्कामही ऐसपैस होत गेला.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये कॅप्टन फोर्डचा दापोडीचा बंगला सरकारसाठी घेतला. १८३० मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. दापोडीला बंगल्याच्या जोडीने वनस्पती-उद्यानही उभे राहिले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी त्याची व्यवस्था पाहिली. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून इथल्या झाडांची, फुलांची रंगीत चित्रे काढून घेतली. ती आजही एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी नोंदवून ठेवले नाही.

२१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातला रेल्वेमार्ग गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी गणेशखिंडीत नवा प्रासाद बांधायला घेतला. दापोडीची मालमत्ता विकली गेली. जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्यानुसार ऐंशी फुटी मनोऱ्याची ही इमारत १८७१ मध्ये पुरी झाली. तिच्या खर्चावरून इंग्लंडच्या पार्लमेंटातही टीका झाली. दापोडीच्या बागेचा वारसा १८७३ मध्ये सुरू झालेल्या गणेशखिंड उद्यानाने पुढे चालवला. तिथले अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिले.

या प्रासादात २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला. तिथून परतणारे प्लेग-अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. प्लेगच्या काळात पुणेकरांनी सोसलेल्या जुलमाचा तो जाब होता.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि हा प्रासाद विद्यापीठाला मिळाला. बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले. गव्हर्नरांच्या मेजवान्या जिथे झडल्या, त्याच इमारतीत आज संत ज्ञानेश्वरांच्या नावाचे सभागृह आहे. राज्यपालांचे पुण्यातले निवासस्थानही शेजारीच आहे.

गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये राज्य शासनाने जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. सत्तेच्या वास्तूचे विद्येचे घर झाले, ही या वाटचालीची मोठी कमाई आहे. बागेची कमाईही तितक्याच मोलाची आहे. पुण्याचे रस्ते रुंद होत असताना या बागेतल्या जुन्या झाडांवर कुऱ्हाड पडू न देणे, हे पुणेकरांइतकेच घाट चढून पुण्यात येणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.