अचूक पहारेकरी का मिळत नाही?

नवा संगणक घेताना दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतो : "अँटिव्हायरस कोणता टाकू?" शिक्षकाच्या घरी या प्रश्नाला जरा जास्तच वजन असते. मुलांचे गुण, प्रश्नपत्रिका, घरातली छायाचित्रे आणि शाळेतून आलेला पेनड्राइव्ह, सारे त्याच एका यंत्रावर येऊन पडते. उत्तरही बहुधा नावानेच मिळते. अमुक चांगला, तमुक संगणक मंद करतो, वगैरे. पण नावे बदलत राहतात. असा प्रोग्रॅम मुळात काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे आधी विचारले तर निवड पुष्कळ सोपी होते. यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

कल्पना आधी, उपद्रव नंतर

स्वतःची प्रत स्वतःच तयार करणारे यंत्र असू शकेल का, याचा गणिती विचार जॉन फॉन नॉयमन यांनी १९४९ च्या सुमारास आपल्या व्याख्यानांत मांडला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९६६ मध्ये, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. १९७१ मध्ये अमेरिकेतील बी.बी.एन. या कंपनीत बॉब टॉमस यांनी 'क्रीपर' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर तो एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई आणि पडद्यावर 'पकडता आले तर पकडा' अशा अर्थाचा संदेश दाखवी. त्याला शोधून पुसण्यासाठी रे टॉमलिन्सन यांनी 'रीपर' लिहिला. ही चोर-पोलिसांची पहिली जोडी. मात्र रीपरला एकच चोर ठाऊक होता, हे लक्षात ठेवू या.

१९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने ॲपल-२ संगणकासाठी 'एल्क क्लोनर' लिहिला. तो फ्लॉपीतून पसरे, आणि अशा फ्लॉपीवरून पन्नासाव्या वेळी संगणक सुरू केला की एक कविता दाखवी. हेतू मित्रांची गंमत करण्याचा होता. पण हा प्रोग्रॅम प्रयोगशाळेच्या बाहेर, लोकांच्या हातांतून पसरला होता.

नाव आणि सिद्धता

'व्हायरस' हे नाव रूढ झाले ते १९८३ च्या एका प्रयोगामुळे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी फ्रेड कोहेन यांनी नोव्हेंबर महिन्यात संगणक-सुरक्षेच्या वर्गात एक प्रात्यक्षिक दाखवले. एका साध्या उपयुक्त प्रोग्रॅममध्ये त्यांनी स्वतःची नक्कल इतर प्रोग्रॅममध्ये घुसवणारा तुकडा दडवला. पाचही प्रयोगांत तासाभराच्या आत, आणि एकदा तर पाच मिनिटांच्या आत, त्या तुकड्याने संगणकावरचे सर्व अधिकार मिळवले. 'व्हायरस' हे नाव त्यांचे मार्गदर्शक लिओनार्ड एडलमन यांनी सुचवले. पुढील प्रयोगांना विद्यापीठाच्या संगणक-व्यवस्थापकांनी परवानगी नाकारली.

कोहेन यांचे याहूनही मोलाचे काम कागदावरचे आहे. कोणत्याही प्रोग्रॅमकडे पाहून 'हा व्हायरस आहे' किंवा 'हा नाही' असा दर वेळी बिनचूक निकाल देणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही, असे त्यांनी दाखवले. युक्तिवाद दहावीच्या मुलांनाही समजेल इतका सरळ आहे.

समजा, असा बिनचूक प्रोग्रॅम कोणी लिहिला. त्याला 'पारखी' म्हणू. आता आपण 'हट्टी' नावाचा दुसरा प्रोग्रॅम लिहू आणि त्याच्या पोटात पारखीची एक प्रत ठेवू. हट्टीला एवढेच सांगू : "सुरू झालास की आधी पारखीला स्वतःविषयी विचार. त्याने 'तू व्हायरस आहेस' म्हटले, तर काहीही न करता थांब. 'नाहीस' म्हटले, तर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये शिरून पसर." आता पारखीने कोणते उत्तर द्यावे? 'व्हायरस आहे' म्हणाला तर हट्टी पसरत नाही, म्हणजे उत्तर चुकले. 'नाही' म्हणाला तर हट्टी पसरतो, म्हणजे तेही उत्तर चुकले. दोन्हीकडून विसंगती येते. म्हणून बिनचूक पारखी असूच शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये, कोणतीही गणनक्रिया कधीतरी थांबेल की नाही हे आधीच सांगणारी सार्वत्रिक रीत नसते, असे सिद्ध केले होते. हा त्याच कुळातला निष्कर्ष आहे.

याचा अर्थ व्हायरस ओळखता येत नाहीत असा नव्हे. पुष्कळसे येतात. पण शंभर टक्के संरक्षणाचे आश्वासन कोणत्याही खोक्यावर छापलेले असले, तरी ते गणिताला धरून नाही.

लाहोरची फ्लॉपी आणि ओळखीची खूण

आय.बी.एम. पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस 'ब्रेन'. १९८६ मध्ये तो लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींना आळा घालावा, असा हेतू असल्याचे त्यांनी सांगितले. व्हायरसमध्ये त्यांनी आपली नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवले होते! ब्रेन फ्लॉपीच्या आरंभविभागात बसे, आणि तो विभाग कोणी वाचू लागले की बाजूला जपून ठेवलेली मूळची प्रत दाखवी. म्हणजे लपण्याची विद्या पहिल्यापासूनच होती.

१९८७ पासून व्हायरस शोधणारे प्रोग्रॅम विकले जाऊ लागले. त्यांची मुख्य रीत म्हणजे खूण. व्हायरस सापडला की त्यातला बाइटचा एक वैशिष्ट्यपूर्ण तुकडा निवडायचा आणि प्रत्येक फाइलमध्ये तो आहे का ते पाहायचे. एका बाइटची २५६ रूपे असतात. दोन बाइटची खूण घेतली तर ६५,५३६ शक्यता होतात. इतकी लहान खूण निर्दोष फाइलीतही सहज सापडेल. १६ बाइटची घेतली, तर शक्यतांची संख्या सुमारे ३४ वर ३७ शून्ये इतकी होते. तेवढा तुकडा योगायोगाने जुळणे जवळजवळ अशक्य. खुणेचे बळ यात आहे. तिची मर्यादा म्हणजे रीपरचीच : जो चोर आधी सापडला, तोच तिला ठाऊक. म्हणून खुणांची यादी सतत ताजी ठेवावी लागते.

याच काळात पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर संगणक-दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडत, म्हणून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९५ मध्ये 'क्विक हील' बाजारात आले. जगात इतरत्रही या धंद्याचा जन्म असाच, समोर आलेल्या एकेका दुखण्यावर औषध शोधताना झाला.

भीतीचा बाजार

'मायकेलअँजेलो' हा व्हायरस १९९१ मध्ये सापडला. त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, म्हणजे ६ मार्चला, तो हार्डडिस्कच्या सुरुवातीच्या भागावर निरर्थक मजकूर लिही. ६ मार्च १९९२ पूर्वी वृत्तपत्रांत पन्नास लाख संगणक बळी पडतील इथपर्यंत अंदाज छापून आले, आणि अँटिव्हायरसची विक्री जोरात झाली. प्रत्यक्षात नुकसानीच्या बातम्या आल्या त्या काही हजार यंत्रांच्या. त्या यंत्रांच्या मालकांचे नुकसान खरेच होते. पण धोक्याचा अंदाज सांगणारा आणि औषध विकणारा एकच असेल, तर आकडा जपून घ्यावा, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

दोन प्रकारच्या चुका

व्हायरस लिहिणारेही शिकत होते. १९८७ च्या 'कॅस्केड'ने आपला बराचसा मजकूर गुप्तलिपीत ठेवला. १९९० मध्ये आलेला '१२६०' तर प्रत्येक नकलेत आपला उलगडणारा भागही बदली. स्थिर खूणच उरली नाही, तेव्हा शोधकांना आडाख्यांकडे वळावे लागले. हा प्रोग्रॅम विनाकारण इतरांत लिहितो आहे का? शेकडो फाइली एकामागून एक गुप्तलिपीत बदलतो आहे का?

आडाख्याने नवा चोर सापडतो, पण साव माणूसही धरला जातो. एक सोपे गणित करू. समजा, घरच्या संगणकावर ३ लाख फाइली आहेत आणि सर्व निर्दोष आहेत. शोधक दहा हजारांत एकदाच चुकत असेल, तरी तो ३० चांगल्या फाइलींवर आळ घेईल. चुकीचे प्रमाण लाखात एक केले, तर ३ फाइली. ते आणखी कमी करायचे तर संशय कमी घ्यावा लागतो, आणि मग काही खरे व्हायरस सुटतात. रक्ततपासणीत हाच पेच असतो. दोन चुकांपैकी एक खाली दाबली की दुसरी वर येऊ पाहते.

ही शंका पुस्तकी नव्हे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या एका ताज्या खूणयादीने विंडोज एक्सपीच्या स्वतःच्याच एका अत्यावश्यक फाइलला व्हायरस ठरवले. अनेक संस्थांतील संगणक पुन्हापुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागले. पहारेकऱ्याच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या असतात. त्याची चूकही तेवढीच महाग पडते.

मग निवड कशी करावी?

पहिली गोष्ट, संगणकात आधीच काय आहे ते पाहावे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस विंडोजमध्येच समाविष्ट आहे. सामान्य घरगुती वापराला तो चालू आणि ताजा ठेवणे बहुधा पुरते. विकत घ्यायचाच असेल, तर त्याहून नेमके जास्त काय मिळते ते विचारावे. दोन अँटिव्हायरस मात्र एकाच वेळी चालू ठेवू नयेत. दोघेही प्रत्येक फाइल अडवतात, यंत्र मंद होते, आणि एकाच्या खुणा पाहून दुसरा दचकू शकतो.

दुसरी गोष्ट, तुलना करायची तर विक्रेत्यापेक्षा स्वतंत्र परीक्षक पाहावा. जर्मनीतील मॅग्डेबर्गची ए.व्ही.-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची ए.व्ही.-कंपॅरेटिव्हज् या संस्था अशा चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करतात. निकाल वाचताना 'किती पकडले' याच्या शेजारचा 'किती खोटे इशारे दिले' हा रकानाही वाचावा, आणि एका फेरीवर न जाता चार-पाच फेऱ्या पाहाव्यात.

तिसरी गोष्ट, फुकट मिळणाऱ्या पहारेकऱ्याचा पगार कोण देतो, हे विचारावे. 'अवास्ट' या प्रसिद्ध अँटिव्हायरसने वापरणाऱ्यांच्या इंटरनेट-भ्रमंतीची माहिती आपल्या उपकंपनीमार्फत विकली होती. २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिला अँटिव्हायरस लागत नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती बसवली, त्यांच्याकडची ती फट बंद होती. आणि ज्यांच्याकडे फाइलींची वेगळी ठेवलेली प्रत होती, त्यांना खंडणीची पर्वा करण्याचे कारण नव्हते. विंडोज १० साठीचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही या संदर्भात ध्यानात ठेवावे.

पहारेकरी कधीतरी चुकणार, हे कोहेन यांनी सिद्धच करून ठेवले आहे. तेव्हा निकालपत्रके, प्रश्नपत्रिका आणि छायाचित्रे यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि काम झाले की ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. एरवी कुलूप लावणारा व्हायरस तिलाही कुलूप लावील.

वर्गात करून पाहा

फळ्यावर चार ओळींचा मजकूर लिहा आणि त्यातला तीन शब्दांचा तुकडा 'खूण' म्हणून निवडा. एका गटाने मजकुरातील प्रत्येक व्यंजनाऐवजी वर्णमालेतील पुढचे व्यंजन लिहावे, दुसऱ्याने त्यापुढचे, आणि तिसऱ्याने मजकूर तसाच ठेवावा. आता कागद एकत्र करा आणि एका विद्यार्थ्याला केवळ खूण पाहून 'व्हायरस' शोधायला सांगा. त्याला एकच सापडेल. बाकीचे शोधायला कोणता नियम सांगावा, आणि त्या नियमात एखादा निर्दोष मजकूर सापडेल का, यावर मुलांना वाद घालू द्यावा. हट्टी आणि पारखी यांची गोष्ट त्यानंतर सांगितली तर ती अधिक रुजेल.