रक्तातला आकडा आणि गर्भारपणातला रक्तदाब: तीन क्षारांची गोष्ट

आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि बोलणार तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे आधीच सांगून टाकतो. औषध काय घ्यावं हे सांगायला आपण इथे जमलेलो नाही, ते काम डॉक्टरांचं. आपला प्रश्न वेगळा आहे. एखाद्या रोगाचं कारण सापडलं, असं आपण कधी म्हणायचं? गर्भारपणातला वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली खनिजं यांचा इतिहास पाहिला, की हा प्रश्न पुस्तकातून उठून थेट बाळंतिणीच्या खाटेपाशी येतो.

सुरुवात शब्दापासून करू. गर्भवतीला अचानक झटके येतात, शुद्ध हरपते, त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लखकन चमकणं, वीज चमकावी तसं. नाव अगदी चपखल, कारण शतकानुशतकं हा रोग विजेसारखाच वाटत आला. बाई कालपर्यंत धडधाकट होती आणि आज गेली. 1843 साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर यांनी अशा बायकांची लघवी तापवून पाहिली, तर तीत प्रथिन सापडलं. पुढे 1896 मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचं साधन दिलं. मग कळलं की वीज कोसळण्याआधी ढग दिसतात. रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिन जातं, अंगावर सूज येते. या आधीच्या अवस्थेला आज प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात.

ढग दिसले, पण ते येतात कुठून? 1916 मध्ये जर्मनीच्या झ्वाइफेल यांनी या रोगाला 'सिद्धान्तांचा रोग' म्हटलं. ज्याला जे सुचेल ते त्याने कारण म्हणून मांडावं, अशी स्थिती होती. या सिद्धान्तांच्या गर्दीतून तीन क्षारांची गोष्ट आपण वेगळी काढू: सोडियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम.

पहिला सोडियम, म्हणजे आपलं रोजचं मीठ. विचार कसा झाला बघा. सूज म्हणजे अंगात पाणी साठणं. मीठ पाणी धरून ठेवतं. म्हणून मीठ तोडा, सूज जाईल, रोग जाईल. ऐकायला किती सरळ वाटतं! विसाव्या शतकात कितीतरी देशांत गर्भवतींना अळणी जेवायला लावलं, पुढे लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही दिल्या. 1958 मध्ये मार्गारेट रॉबिन्सन यांनी लंडनमध्ये एक साधी गोष्ट केली. दोन हजारांहून अधिक गर्भवतींपैकी काहींना मीठ कमी खा म्हणून सांगितलं, काहींना जास्त खा म्हणून. अपेक्षेच्या उलट, रोग अळणी खाणाऱ्या गटातच जास्त दिसला. हा प्रयोग आजच्या कसोटीवर पूर्ण उतरणारा नव्हता, म्हणून 'मीठ खाल्ल्याने रोग टळतो' असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. पण नंतरच्या काटेकोर चाचण्यांतही मीठ तोडण्याचा फायदा दिसला नाही. युक्तिवादाची प्रत्येक पायरी पटण्यासारखी होती, तरी शेवट चुकला. तर्क सुसंगत असणं आणि जग तसं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक वर्गात शिकवत आलो. इथे त्याची किंमत गर्भार बायकांनी मोजली.

दुसरा क्षार मॅग्नेशियम. इंग्लंडमधल्या एप्सम गावी 1618 च्या सुमारास एका शेतकऱ्याच्या गुरांनी एका डबक्याचं कडू पाणी तोंडाला लावलं नाही, अशी कथा सांगतात. त्या पाण्यातला क्षार म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जुलाबासाठी वापरलं जाणारं एप्सम सॉल्ट. 1906 मध्ये जर्मनीत ते एक्लॅम्पसियाच्या झटक्यांवर वापरलं गेलं आणि 1920 च्या दशकात अमेरिकेत त्याची इंजेक्शनं सुरू झाली. डॅलसमध्ये जॅक प्रिचर्ड यांनी त्याची ठरावीक पद्धत बसवली. 1984 मध्ये त्यांनी 245 रुग्णांचा अनुभव छापला, त्यात फक्त एक मृत्यू होता.

मग जगाने ते लगेच स्वीकारलं का? नाही. ब्रिटनमध्ये डायझेपाम आणि फेनिटॉइन चालत राहिलं. आपल्याकडे मद्रासच्या कृष्ण मेनन यांनी मांडलेली तीन औषधांची 'लिटिक कॉकटेल' पद्धत 1960 च्या दशकापासून रुजली होती. मॅग्नेशियमवर आक्षेप असा, की ते झटके थांबवतं तरी कसं, हे सांगता येत नाही. आणि नुसत्या यशाच्या यादीने काय सिद्ध होतं? ज्यांना दुसरं औषध मिळालं असतं, त्यांचं काय झालं असतं, हे यादी सांगत नाही. हा आक्षेप रास्तच होता. पण त्याला उत्तर द्यायचा मार्ग उघडा होता, तुलना करून पाहणं. ती मोठ्या प्रमाणावर करायला 1995 साल उजाडलं. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भारतासह अनेक देशांतल्या 1,687 बायका होत्या. झटके पुन्हा येण्याचं प्रमाण डायझेपामच्या गटात 27.9 टक्के, मॅग्नेशियमच्या गटात 13.2 टक्के. फेनिटॉइनशी तुलना केली तेव्हा 17.1 विरुद्ध 5.7. नंतर 2002 च्या मॅगपाय चाचणीत 33 देशांतल्या 10,141 बायका होत्या. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्यांना आधीच मॅग्नेशियम दिलं, तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, असं त्यात दिसलं.

1906 ते 1995. एक स्वस्त क्षार, आणि नव्वद वर्षांच्या घरात वेळ. इथे थोडं थांबून विचार करायला हवा. मिठाच्या बाबतीत यंत्रणा 'माहीत' होती आणि उपाय चुकला. मॅग्नेशियमच्या बाबतीत यंत्रणा धूसर होती, ती आजही पुरती स्वच्छ नाही, आणि उपाय बरोबर निघाला.

आता कुणी म्हणेल, मॅग्नेशियम दिल्याने झटके थांबतात, म्हणजे त्या बायकांच्या रक्तात ते कमी होतं, हेच कारण. ताप पॅरासिटामॉलने उतरतो, म्हणून ताप हा शरीरातल्या पॅरासिटामॉलच्या कमतरतेचा रोग आहे, असं आपण म्हणतो का? उपायावरून कारण ताडणं ही फार जुनी घसरण आहे.

मग रक्तातली पातळी मोजून पाहिली तर? अशी मोजणी पुष्कळ झाली आहे, आपल्या देशातही. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या आणि न झालेल्या बायकांचं रक्त घ्यायचं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आकडे शेजारी ठेवायचे. कितीतरी ठिकाणी रोगी गटाचे आकडे कमी आले. पण आकडा काय बोलतो ते नीट ऐका. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तातलं मूठभर असतं, आणि ते ढळू नये म्हणून शरीर जिवापाड राखतं. आहारात कमी पडलं तर हाडांतून काढून घेतं, पण रक्तात कमी पडू देत नाही. म्हणजे रक्ताचा आकडा बरा दिसला, तरी घरात कोठार रिकामं होत असू शकतं. उलट बाजूही आहे. रक्तातलं चाळीसेक टक्के कॅल्शियम प्रथिनांना चिकटलेलं असतं. गर्भारपणात रक्त पातळ होतं, प्रथिनाचं प्रमाण उतरतं, आणि या रोगात तर प्रथिन लघवीवाटे जातं. मग एकूण कॅल्शियमचा आकडा उतरणारच. कमी कॅल्शियममुळे रोग झाला की रोगामुळे आकडा कमी झाला? रोग झाल्यावर काढलेल्या रक्तावरून याचं उत्तर देता येत नाही.

तर तिसरा क्षार कॅल्शियम. याची गोष्ट प्रयोगशाळेत नाही, चुलीपाशी सुरू होते. ग्वाटेमालातल्या माया बायका गरीब, तरी त्यांच्यात हा रोग कमी आढळे. त्यांचा मका चुन्याच्या पाण्यात भिजवून शिजवलेला असतो, म्हणजे रोजच्या भाकरीतून कॅल्शियम पोटात जातं. होसे बेलिझान आणि होसे व्हिलार यांनी 1980 मध्ये यावरून तर्क मांडला, की आहारातलं कॅल्शियम आणि हा रोग यांचं नातं असावं. चुन्याची निवळी आणि विड्याला लावलेलं चुन्याचं बोट माहीत असलेल्या आपल्याला ही गोष्ट लगेच जवळची वाटते. म्हणून कुणी घरी जाऊन चुना खायला लागू नका!

तर्क तपासला गेला. 1991 मध्ये अर्जेंटिनात 1,194 गर्भवतींवर झालेल्या चाचणीत, रोज 2 ग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांत रक्तदाबाचे विकार 9.8 टक्के, न घेणाऱ्यांत 14.8 टक्के. आनंदीआनंद! मग 1997 मध्ये अमेरिकेत 4,589 बायकांवर तेच केलं. प्रीएक्लॅम्पसिया 6.9 टक्के आणि 7.3 टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. आता खरं कोणतं?

इथे आपले नैयायिक मदतीला येतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. कॅल्शियमची उपाधी कोणती? आहारातली कमतरता. अमेरिकेतल्या त्या बायकांना जेवणातूनच पुरेसं कॅल्शियम मिळत होतं, वरून घातलेल्याचा उपयोग नव्हता. मग जागतिक आरोग्य संघटनेने ज्यांच्या आहारात रोज 600 मिलिग्रॅमहून कमी कॅल्शियम असतं अशा समाजांतल्या 8,325 गर्भवती निवडल्या, त्यात भारतातल्याही होत्या. 2006 चा निकाल असा, की रोगाची एकूण संख्या फारशी घटली नाही, पण झटके आणि गंभीर गुंतागुंत कमी झाली. दोन्ही जुन्या चाचण्या खऱ्या होत्या. प्रश्न 'कॅल्शियम उपयोगी आहे का' असा नव्हता, 'कुणाला' असा होता.

2014 मध्ये भारत सरकारने गर्भवतींसाठी 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, चौदाव्या आठवड्यापासून, असं धोरण आखलं. 2024 मध्ये भारत आणि टांझानियातल्या प्रत्येकी 11,000 बायकांच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. प्रीएक्लॅम्पसिया टाळण्याच्या बाबतीत रोज 500 मिलिग्रॅमचा डोस 1,500 च्या तुलनेत उणा ठरला नाही. तीन गोळ्या आणि एक गोळी, हा फरक ज्या बाईला उपकेंद्रापर्यंत चालत जावं लागतं तिला विचारा.

एवढं सगळं होऊनही या रोगाचं मूळ कारण एका वाक्यात सांगता येत नाही. वारेची घडण, रक्तवाहिन्या, आहार, वय, आधीचा रक्तदाब, असे अनेक धागे आहेत आणि रोग खरा निवतो तो वार पडल्यावरच. पण कारण पुरतं कळेपर्यंत थांबावं लागत नाही, हेच हा इतिहास शिकवतो. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहणं, लघवी तपासणं, हे शंभर वर्षांपासून हातात आहे. एखाद्या गर्भवतीचं डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत, चेहऱ्यावर सूज आली आहे, आणि घरात कुणी म्हणतंय, 'असतंच गं अशा दिवसांत', तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कारण कोणतं, हा वाद आपण नंतर निवांत घालू.

आता तुमचे प्रश्न घेऊ.